साडेसात मीटर रस्ता आणि लेतीत्सियाची सोयरीक

कोलेसानो, २९ एप्रिल १९६४

प्रिय गास्पारे,

लिबोरियोचा नमस्कार. तोरीनोच्या गारठ्यात तुझी कंबर काय म्हणते? इकडे सगळे मजेत. तुझी बहीण नुन्त्सियाही मजेतच असावी. तीन दिवस ती माझ्याशी बोललेली नाही, त्यामुळे खात्री देता येत नाही.

तिचं पत्र तुला आधी पोचेल, म्हणून खरी हकिकत लिहितो. रविवारी औषधवाले सावेरियो त्यांच्या मुलासाठी आमच्या लेतीत्सियाची बोलणी करायला सहकुटुंब जेवायला आले. (दारावरून मोटारींची शर्यत जाते त्या दिवशी पाहुणे बोलवावेत का? पण मला विचारतो कोण!) बापाने होकार द्यायचा, मग ताटं वाढायची, असं ठरलं होतं. आता आमच्या सज्जातून वळणाचा शेवटचा तुकडा दिसत नाही. तेवढा बघून येतो म्हणून समोर बेकरीच्या पायरीवर गेलो, आणि शर्यतीसाठी रस्ता बंद झाला. आठ मीटर रस्ता. (साडेसात. मी मोजलाय.) इकडे मी, तिकडे सज्जात मुलगी, बायको, व्याही आणि गार होत चाललेली मॅकरोनी.

अशा वेळी माणसाने डोळे मिटून घ्यावेत काय? मी खोगिरं शिवणारा, शाळा तिसरीपर्यंत, पण कान स्वतः तयार केलेत. फेरारी: तीन लिटर, बारा सिलिंडर, वळणात शिरते ती कोऱ्या चामड्यात सुरी शिरावी तशी. अमेरिकन कोब्रा: पावणेपाच लिटर, आठ सिलिंडर, सरळ रस्त्यावर राक्षस, वळणावर मात्र वरातीत नाचणारा जाडा मामा. (हे तुला उद्देशून नाही.) आणि सावेरियोंची लाडकी पोर्शे: दोन लिटर, चार सिलिंडर!

"अहो लिबोरियो, पोरीचं काय ते बोला!" सावेरियो वरून ओरडले.

"आधी सांगा, चार सिलिंडरांत भागतं का हो तुमचं?"

"भागतं! नुसत्या गोंगाटावर संसार होत नाही!"

"बाबा, आधी हो म्हणा ना!" ही लेतीत्सिया. तेवढ्यात कोब्रा आली, माझा काय इलाज?

दुपारी दोन गाड्यांमध्ये मोठी फट बघून पोलिसाने शिट्टी वाजवली, की ओलांडायचं त्यांनी ओलांडा. मी पाऊल उचलणार तोच गळ्यात नॅपकिन तसाच ठेवून सावेरियोच धावत माझ्याकडे आले, माझी चूक दाखवायला. आलेल्या पाहुण्याला एकटं टाकून जाणं आपल्या घराण्यात नाही. संध्याकाळपर्यंत आम्ही पायरीवर खांद्याला खांदा लावून भांडलो. जिंकली पोर्शे. (पाहुणे होते, म्हणून सोसलं.)

घरी गेलो तर ताटं घासून झालेली आणि सोयरीकही ठरलेली. मी होकार दिला, तर विहीणबाई म्हणाल्या, त्याची आता गरज नाही.

तुझा,
लिबोरियो

ता. क. बायकांनी लग्न पुढच्या वर्षीच्या शर्यतीच्याच रविवारी धरलंय. "रस्ता बंद असतो, देवळातून दोघे बाप पळतील कुठे?" असं विहीणबाईंचं म्हणणं. मामाशिवाय भाचीचं लग्न लागायचं नाही. तेव्हा त्या आठवड्यात कारखान्यातून सुट्टी मिळत नाही, असं तू नुन्त्सियाला ताबडतोब कळव. सावेरियोंचीही हीच विनंती आहे.

ता. क. मामा, पाकिटाला डिंक लावायला बाबांनी मलाच दिलं. सुट्टी आजच मागून ठेवा. लग्न सकाळी सहाला आहे, रस्ता बंद व्हायच्या आत, आणि पंगत बेकरीच्या गच्चीवर. हे बाबांना इतक्यात सांगायचं नाही, असं आईने ठरवलंय. — लेतीत्सिया