आधी कड, मग पोट

सोमवार, ३ मार्च

लिहायला फार उशीर झाला. माफ कर गं वही! पंधरवडाभर तुला हात लावला नाही. डॉक्टर म्हणाले होते, रोज लिहा, हाताचा कंप आटोक्यात राहील. पण मी खुशीत होतो, आणि खुशीत असलो की मला काही सुचत नाही. काळजी लागली की मात्र पानंच्या पानं भरतात.

आज काळजी लागली.

सातवीच्या मोठ्या परीक्षेचा निकाल आला. ही परीक्षा शाळेची नाही. सगळ्या शाळांना एकच पेपर, एकाच दिवशी, आणि तपासायला माणूस नाही — मशीन! उत्तरांचा कागद वेगळा. त्यावर प्रत्येक प्रश्नाला चार गोल. जे उत्तर बरोबर, तो गोल पेन्सिलीने भरायचा. लिहायचं काहीच नाही. यंदा पहिल्यांदाच आली ही परीक्षा. आणि आमच्या भिंगरीचा वर्ग, सातवी ब, सगळ्या शाळांत खालून पहिला!

भिंगरी म्हणजे माझी नात. एका जागी ठरत नाही म्हणून हे नाव मीच ठेवलं. आज मात्र दप्तर टाकून खिडकीत बसून राहिली.

"किती पडले गं?"

"कमी."

"कमी म्हणजे किती?"

"आबा, चहा करू तुम्हांला?"

सून कामावरून आली. तिला सांगितलं. ती चपला काढता काढता म्हणाली, "पण बाबा, तुम्ही रोज दुपारी तिचा सराव घेत होतात ना?"

घेत होतो.

मंगळवार, ४ मार्च

झोप नीट नाही. सारखं तेच मनात घोळतंय, म्हणून लिहून टाकतो.

मी चौथीतून शाळा सोडली. पेपरातलं मला ओ की ठो कळत नाही. पण शाळेतून सूचना आली होती — गोल पूर्ण भरावा, रेघेबाहेर गेल्यास मशीन उत्तर धरणार नाही. म्हटलं, हे तर आपलं काम! जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. वाचता न येणाऱ्या लिप्यासुद्धा बघून बघून रंगवल्या, एकही अक्षर रेघेबाहेर गेलं नाही.

शर्टाचं बटण ठेवून तिला कागदभर गोल आखून दिले. करंगळी टेकवायची, हात हलत नाही. पेन्सिलीला सुईसारखं टोक. आधी कड, मग पोट. कड म्हणजे आतून एक पूर्ण फेरा, आणि मग पोट एकाच दिशेने भरायचं. मग फुंकर. टोक बोथट झालं की थांबायचं, पुन्हा टोक काढायचं. घाई केली की रंग ओघळतो, हे मी तिला रोज ऐकवायचो.

तिचे गोल मोत्यांसारखे यायला लागले. सून हसायची — "परीक्षा आहे की नक्षीकाम?"

मी म्हणायचो, तुला काय कळतं!

गुरुवार, ६ मार्च

दाढीला गेलो होतो. न्हाव्याच्या दुकानात हाच विषय. त्याचा पुतण्या सातवी अ वर्गात, त्यामुळे याची छाती दोन वीत फुगलेली.

"ब वर्गाच्या छोट्या बाई आहेत ना, नव्याच आहेत हो. कायम पण नाहीत झालेल्या. पोरांना गोष्टी सांगत बसतात म्हणे. मग निकाल काय, गोष्टीतला राजा लावणार?"

सगळे हसले. मीही हसलो. मानही हलवली. न्हावी ओरडला, "काका, हलू नका, वस्तरा आहे!"

त्या बाईंचं नाव घेतल्याशिवाय भिंगरीचा घास उतरत नाही. भागाकार तिला त्यांच्यामुळे आला. आणि मी मान हलवली! वस्तरा लागला असता तर बरं झालं असतं.

शनिवार, ८ मार्च

पालकसभा. सुनेला सुट्टी नाही, मुलगा गाडी घेऊन परगावी, म्हणून मी गेलो. पोरांच्या बाकावर गुडघे मावत नाहीत.

छोट्या बाई उभ्या होत्या. पंचविशीच्या असतील. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, बाजूला खुर्चीत बसलेल्या. एक गृहस्थ तर टेबलावर हात आपटून म्हणाले, "आमची पोरं ढ नाहीत. शिकवणारं माणूस ढ आहे!" कोणी हटकलं नाही.

मग बाईंनी ज्याच्या त्याच्या पाल्याचा उत्तरांचा कागद हातात दिला.

भिंगरीचा कागद. पहिले गोल काय सुरेख! एकसारखे, काळेभोर. अर्ध्याच्या आधीच थांबलेले. पुढे सगळं कोरं.

वेळ! वेळेचा विचार मी कधी केलाच नाही. पाटी रंगवताना घड्याळ कोण बघतं?

शेजारी शिंपी बसला होता. तो आपल्या मुलाचा कागद माझ्यासमोर धरून म्हणाला, "पेंटरकाका, बघा काय सुबक काम! तुमच्या भिंगरीने शिकवलंय. मधल्या सुट्टीत सगळ्या वर्गाला फळ्यावर काढून दाखवलं म्हणे. माझे आबा पेंटर आहेत, त्यांना यातलं सगळं कळतं, म्हणाली. आधी कड, मग पोट! आमचं पोर घरी तेच घोकत होतं."

तो कौतुकाने सांगत होता. त्याला कळलंच नाही तो काय बोलतोय.

मी पुढच्या बाकावर पाहिलं. त्याच्या पुढच्या. जिकडेतिकडे माझीच कड. तो आतून मारलेला फेरा मी अंधारातही ओळखीन. मोती, मोती, आणि मग कोरं.

बाई म्हणाल्या, "सरावात मी कमी पडले. चूक माझी आहे." आणि मग, का कोण जाणे, माझ्याकडे वळल्या. "पेंटरकाका, तुम्हांला काही विचारायचंय?"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. शिंपी माझ्याकडे बघून हसत होता.

"नाही, बाई."

त्यांनी मान हलवली. कागद परत गोळा करताना माझ्या हातून हळूच घेतला, कोपरा दुमडू नये असा.

रविवार, ९ मार्च

ताट तसंच बाजूला सारलं. सून म्हणते, पित्त झालं असेल. हो म्हटलं.

मंगळवार, ११ मार्च

आज ठरवून निघालो. मोठ्या बाईंना सरळ सांगायचं — पोरांना येत होतं, त्यांना मी थांबवलं. वाटेत तीनदा वाक्य जुळवलं.

फाटकात शिपाई. "काय पेंटरकाका, इकडे कुठे?"

वाक्य पार उडून गेलं. वर बघितलं तर शाळेच्या नावाचा बोर्ड उन्हाने विटलेला. म्हटलं, "ही अक्षरं पुसट झालीत रे. उजळून देतो म्हटलं. फुकट."

"वा! याला म्हणतात जिव्हाळा!"

गेलो होतो कशाला, पत्करून आलो काय!

गुरुवार, १३ मार्च

शिडीवर चढलो. हात थरथरतो, तरी करंगळी टेकवली की बसतो जागेवर. शाळा सुटली. पोरं खालून ओरडत गेली, "भिंगरीचे आबा! भिंगरीचे आबा!" भिंगरी मात्र मान खाली घालून भराभरा पुढे गेली. पूर्वी शिडी धरून उभी राहायची.

शेवटी छोट्या बाई आल्या. थांबल्या. "किती सुंदर झालंय हो. आधी कड करता ना तुम्ही?"

मी वरून "हो" म्हटलं. ब्रश डब्यात बुडवला, पुन्हा बुडवला. खाली उतरायला चार पायऱ्या होत्या. उतरलो नाही.

"जपून उतरा बरं," म्हणाल्या आणि गेल्या.

शुक्रवार, १४ मार्च

सून बातमी घेऊन आली. छोट्या बाईंना काढलं. वर्ग दुसऱ्यांकडे. भिंगरी ताटावरून उठून गेली.

सोमवार, १७ मार्च

गेलो. शिपाई काही विचारायच्या आत थेट मोठ्या बाईंच्या खोलीत. बसलोसुद्धा नाही. उभ्याउभ्या सगळं सांगितलं — बटण, टोक, फुंकर, सगळं.

त्या आधी हसल्या. "अहो काका, गोल कसे भरले यावरून का वर्ग नापास होतो?"

म्हटलं, "कागद काढा."

त्यांनी कपाटातून गठ्ठा काढला. एक बघितला, दुसरा बघितला. चष्मा पुसला. मग बरोबर उत्तरांची यादी शेजारी ठेवून एकेक कागद ताडत गेल्या. मी तसाच उभा.

"जे सोडवलेत ते जवळजवळ सगळे बरोबर आहेत," म्हणाल्या. "हे कोणी बघितलंच नाही. आम्ही नुसती बेरीज बघितली." मग माझ्याकडे बघून — "सभेत तुम्ही होतात ना?"

"होतो."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

काय सांगणार? लाज वाटली म्हणून! पेंटरकाका म्हणून सगळे मान देतात, तो मान जाईल म्हणून. एवढ्याशा मानासाठी एका पोरीची नोकरी घालवली. तोंडातून एवढंच आलं, "चुकलं."

"त्या परवाच सामान घेऊन गेल्या. मी वर कळवते. पण आता माझ्या हातात फारसं नाही, काका."

बाहेर पडताना मान वर केली नाही. वर माझीच अक्षरं होती, नवी कोरी.

मंगळवार, १८ मार्च

भिंगरीला कळलं मी शाळेत गेलो होतो. माझ्याजवळ येऊन बसली आणि रडायलाच लागली.

"आबा, बाईंना माहीत होतं. निकाल लागला त्याच दिवशी मी सांगितलं त्यांना. त्या म्हणाल्या, आजोबांना यातलं काही कळू देऊ नकोस. त्यांनी जीव लावून शिकवलंय. घड्याळ लावून सराव घ्यायचं काम माझं होतं, म्हणाल्या."

म्हणजे सभेत त्यांनी मला विचारलं तेव्हा माहीत होतं. शिडीखाली उभ्या होत्या तेव्हाही.

बाई, हे पान तुमच्यापर्यंत पोचायचं नाही. तरी लिहितो. ज्या शाळेत असाल तिथून दोन ओळी पाठवा. रागाच्या असल्या तरी चालतील. लवकर पाठवा.