मेणबत्ती, पंखा आणि आठवी ब

सोमवार, ३ नोव्हेंबर. सकाळी.
आजपासून शाळेत सराव पाठ. ट्रेनिंग कॉलेजने मला आणि माझ्या एका सहपाठिनीला एकाच शाळेत टाकलंय. आठवीचं विज्ञान. तिला 'अ' तुकडी, मला 'ब'. तिला सोपं दिलं, बरं झालं. अवघड काम माझ्याच वाट्याला येतं. लोकांना माणूस ओळखता येतो.

संकल्प: मुलांवर ओरडायचं नाही. पुस्तक हातात धरायचं नाही. प्रत्येक प्रश्नाचं स्वागत करायचं. रोज इथे लिहायचं आणि कुणाला दाखवायचं नाही. निदान इतक्यात नाही.

बायको कामावर निघताना म्हणाली, एवढं तरी पूर्ण कर. त्यात खोच नव्हती असं मी धरून चालतो. इन्शुरन्सचं काम मी सोडलं नव्हतं, त्या लोकांना माझी किंमत कळली नाही. क्लासही मी बंद केला नाही. मुलं यायची बंद झाली. दोन्हींत फरक आहे, पण तो समजावत बसलो तर तिची बस चुकते.

सोमवार, संध्याकाळी.
उत्तम सुरुवात. वर्गाने मला लगेच स्वीकारलं. इतकं मोकळं वातावरण की मी बोलत असतानाही मुलं आपापसांत मनमोकळेपणाने बोलत होती.
ओरडलो दोनदाच.

मंगळवार, ४ नोव्हेंबर.
मार्गदर्शक म्हणून शाळेतल्या विज्ञानाच्या बाई आहेत. रिटायरमेंटला आलेल्या. बाहीवर कायम खडूची भुकटी. वर्गाच्या मागे बसून माझा पाठ बघतात आणि नंतर एकच वाक्य बोलतात. आजचं वाक्य: "सर, तुम्ही फळ्याशी छान बोलता."
अशी दाद फार कमी लोक देतात. आवाज दमदार आहे हे मला माहीत होतंच.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर.
बुधवार-गुरुवार लिहायला जमलं नाही. पाठ टाचणांचा ढीग. प्रत्येक पाठाची उद्दिष्टं, साधनं, प्रश्न, अपेक्षित उत्तरं, सगळं आधी लिहून द्यायचं. ज्याला अंगभूत कला आहे त्याला हे कशाला? पण लिहितो. सहपाठिनीचं टाचण बघायला मागितलं, केवळ तिला मार्गदर्शन करावं म्हणून. सगळं उतरवूनच घेतलं, म्हणजे सावकाश मार्गदर्शन करता येईल.

वर्गाने मला टोपणनाव दिलंय. जिन्यात ऐकलं. 'बरंका सर'. मी वाक्यावाक्याला 'बरं का' म्हणतो म्हणे. बरं का, टोपणनाव कुणालाही मिळत नाही. बाईंना एवढ्या वर्षांत मिळालेलं नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर.
ऑक्सिजनचा पाठ. माझा हुकमी पाठ. बशीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात वर चढतं. का? ऑक्सिजन संपला, हवेत तो साधारण एक पंचमांश, म्हणून पाणी एक पंचमांश चढलं. स्वच्छ, सुंदर, शंकेला जागा नाही.

दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. दोन वेण्या, चष्मा, कपाळाला आठी. म्हणाली, सर, जळताना ऑक्सिजन संपतो ना? मग जळत होती तेव्हा पाणी चढलं नाही. विझल्यावर एकदम चढलं. असं का?
मी प्रश्नाचं स्वागत केलं. म्हटलं, फार छान प्रश्न, आता खाली बस.
ती बसली नाही. म्हणाली, पण सर, का?
म्हटलं, हे सिलॅबसमध्ये नाही.
बेल झाली. वेळेचं भान असलेली शाळा आहे.

बाईंचं आजचं वाक्य: "मुलगी बघते हो नीट."
मी म्हटलं, हो ना, डोळे वटारूनच बघते. बाई काहीतरी सांगणार होत्या, पण मला चहाला जायचं होतं.

बुधवार, १२ नोव्हेंबर.
त्या मुलीचं नाव मी 'प्रश्नचिन्ह' ठेवलंय. आज तिने परत विचारलं. सर, मी घरी करून बघितलं. मोठी मेणबत्ती घेतली तर जास्त पाणी चढतं. ऑक्सिजन तर तेवढाच असतो ना?
अशा मुलांच्या घरी कुणी लक्ष देत नाही. मेणबत्त्या खेळायला देतात.
तिला म्हटलं, उद्या सांगतो. दुपारी इंटरनेटवर बघितलं. बरीच माहिती होती. काही लोक म्हणतात गरम हवा गार होऊन आकसते म्हणून पाणी चढतं. म्हणजे तज्ज्ञांतही गोंधळ आहे. पुस्तकाच्या बाजूने राहायचं ठरवलं.

रविवार, १६ नोव्हेंबर.
सासरे आले होते. पाणी प्यायले, पंख्याकडे बघितलं, मग म्हणाले, काय जावईबापू, यंदा सर व्हायचं नक्की का? बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, हो बाबा, शुक्रवारी फायनल पाठ आहे, परीक्षक येणार आहेत. तिच्या आवाजात अभिमान होता. मी नीट ऐकलं. अभिमान आणि थोडीशी भीती. पण अभिमान जास्त.
सासऱ्यांना मेणबत्तीचा प्रयोग समजावून सांगितला. ते झोपले. जेवण जड झालं असावं.

सोमवार, १७ नोव्हेंबर.
कॉलेजात तीच तारीख पक्की झाली. शुक्रवारी बाहेरून परीक्षक. या एका पाठावर सगळं. नापास तर पुढच्या टर्मला पुन्हा. माझ्या बाबतीत हा मुद्दा येत नाही, पण माहितीसाठी लिहून ठेवतो.

पाठ कुठला? अर्थात ऑक्सिजन. तयारीची एक नवी पद्धत काढली आहे: तालीम. नाटकवाले करतात, वादक करतात, मग शिक्षकाने का करू नये? आठवी ब ला विश्वासात घेतलं. कुणी कुठलं उत्तर द्यायचं ते वाटून दिलं. "अरे वा, पाणी चढलं!" हे सगळ्यांनी मिळून म्हणायचं. "किती?" असं मी विचारल्यावर "एक पंचमांश!" मुलांना भारी मजा आली. शिकणं आनंददायी व्हावं म्हणतात, ते हेच.

अडचण एकच. प्रश्नचिन्ह. तिला तालमीच्या तासाला लायब्ररीत पुस्तकं लावायला पाठवलं. तिला वाचनाची आवड आहे, म्हणजे तिचाही फायदाच.

बुधवार, १९ नोव्हेंबर.
दुसरी तालीम. दर्जा उंचावला. इतका की मी काडी ओढायच्या आत मागच्या रांगेतून "अरे वा!" आलं. सूचना दिली की आश्चर्य जरा उशिरा वाटलं पाहिजे.

सहपाठिनीला विचारलं, तुझी तयारी? म्हणाली, तीन-चार वेगवेगळ्या उंचीचे ग्लास आणलेत, मुलांनाच करायला देणार, काय होतंय ते बघू. काय होतंय ते बघू! परीक्षकासमोर! वाईट वाटलं. चांगली मुलगी आहे. तिला म्हटलं, अजून वेळ गेलेली नाही, तालीम घे. ती माझ्याकडे बघत राहिली. प्रभाव पडला.

गुरुवार, २० नोव्हेंबर.
शेवटची खबरदारी. प्रश्नचिन्हाला दुसऱ्या बाकावरून उठवून अगदी मागच्या बाकावर बसवलं, वर्गातल्या सगळ्यात उंच मुलाच्या पाठीमागे. डोळ्यांना त्रास होतो का ग, असं आपुलकीने विचारलं. ती म्हणाली, सर, मला लांबचं दिसत नाही. म्हटलं, उत्तम.

बायकोने शर्टाला इस्त्री करून ठेवली. म्हणाली, होईल रे नीट. मी म्हटलं, होईल काय, झालंच आहे.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर. सकाळी.
अंगात उत्साह आहे. एकदा आरशासमोर पाठ घेतला. आरशाला सगळं समजलं.

शुक्रवार, दुपारी.
जे झालं ते निःपक्षपातीपणे लिहितो.

परीक्षक उशिरा आले. वयस्कर गृहस्थ, जिना चढून धाप लागलेली, रुमालाने मान पुसत. आणि बसले कुठे? मागच्या बाकावर. परीक्षक मागच्या बाकावरच बसतात हे कॉलेजने मला लेखी कळवायला हवं होतं. प्रश्नचिन्ह सरकली आणि त्यांना जागा दिली.

गृहस्थ म्हणाले, जरा पंखा लावता का?
तालमीत पंखा बंद होता.

मेणबत्ती लावली. विझली. पुन्हा लावली. विझली. हाताचा आडोसा केला, बोट भाजलं, विझली. पंखा बंद करा म्हणावं तर परीक्षक नुकतेच कुठे श्वास घ्यायला लागले होते. आठवी ब माझ्याकडे बघत होती. मी आठवी ब कडे बघत होतो. एक काडी अजून ओढली, ज्योत दिसल्यासारखी वाटली, आणि मी ग्लास उपडा केला.
ज्योत नव्हती.
कुणाच्या लक्षात येणार नाही असं मला वाटलं. ग्लास जरा काजळलेलाच होता.

"अरे वा, पाणी चढलं!" अख्खा वर्ग.
वेळ अचूक साधली. बुधवारच्या सूचनेचा परिणाम.
माझ्या तोंडून आपोआप गेलं, "किती?"
"एक पंचमांश!"

मग परीक्षक उठले. सावकाश टेबलापाशी आले, वाकून बशीकडे बघितलं, मग ग्लासाकडे, मग पहिल्या रांगेकडे. एकाला विचारलं, तू बघितलंस का पाणी चढलेलं? हो सर. तू? हो सर. तू गं? हो सर, एक पंचमांश. त्यांनी सात-आठ जणांना विचारलं. सगळ्यांनी बघितलं होतं. मला त्या क्षणी वर्गाचा अभिमान वाटला, हे कबूल करतो.

मागून हात वर आला. उंच मुलाच्या डोक्याच्याही वर.
परीक्षक म्हणाले, बोल बाळ.
ती पुढे आली, चष्मा सारखा केला, बशीत डोकावली. म्हणाली, सर, मेणबत्ती पेटलीच नव्हती. पाणी होतं तिथेच आहे.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
परीक्षकांनी तिला विचारलं, मग बाकीच्यांना कसं दिसलं? ती म्हणाली, मला माहीत नाही सर, मी लायब्ररीत होते.

पंख्याबद्दल मी त्यांना सविस्तर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग जाता जाता दारात थांबून म्हणाले, पंख्याने मेणबत्ती विझवली हो, मान्य. पण ही पोरं तुम्ही विझवलीत.
परीक्षकाने अशी भाषा वापरावी का, याबद्दल प्राचार्यांना पत्र लिहिणार आहे.

शुक्रवार, संध्याकाळी.
पत्र अजून लिहिलेलं नाही.

शाळा सुटल्यावर साहित्य आवरत होतो. दारात प्रश्नचिन्ह. दप्तर पाठीला, वेण्या सुटायला आलेल्या. मला वाटलं माफी मागायला आली. मी मोठ्या मनाने माफ करायच्या तयारीत होतो.
म्हणाली, सर, वर्गातली मुलं माझ्याशी बोलत नाहीयेत. म्हणतात तुझ्यामुळे सर नापास होणार. मी पाणी चढलं म्हणायला हवं होतं का?

इथे एखाद्या शिक्षकाने काय उत्तर द्यावं, ते कुठल्याच पाठ टाचणात नाही.
मी म्हटलं, उशीर झाला, घरी जा. ती गेली नाही. तशीच उभी राहिली, पहिल्यांदा प्रश्न विचारला त्या सोमवारी राहिली होती तशी. मग बाई आल्या, त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि चल गं, वाटेत सांगते, असं म्हणून घेऊन गेल्या. काय सांगितलं, माहीत नाही. माझ्यासाठी आज वाक्य नव्हतं.

शनिवार, २२ नोव्हेंबर.
निकाल: पुनर्पाठ. नापास हा शब्द कुठेही नाही, हे महत्त्वाचं. पुढच्या टर्मपर्यंत रोज बाईंचा तास मागे बसून बघायचा. थोडक्यात, मला निरीक्षक केलंय.
सहपाठिनी पास. तिच्या वर्गात एक ग्लास फुटला आणि दोन गटांचं भांडण झालं, तरी पास. निकष कळत नाहीत.

बायकोला सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं. चिडली नाही. पलंगाच्या कडेला बसून राहिली. मग विचारलं, तुला शिकवायला आवडतं का रे? की नुसतं समोर उभं राहायला?
तिला समजावून सांगायला तोंड उघडलं. मग ताटं घेतली.

सोमवार, २४ नोव्हेंबर.
मागच्या बाकावर बसलो. बाक लहान, गुडघे मावत नाहीत. दृष्टिकोन मात्र व्यापक.
बाई भिंगं शिकवत होत्या. एकच भिंग वर्गभर फिरवत होत्या. खिडकीकडे धरा आणि काय दिसतंय ते सांगा. मुलं काहीबाही सांगत होती. झाड उलटं. ढग खाली. काहींना नुसता उजेड दिसला, बाईंनी तोही फळ्यावर लिहिला. त्या मुलीच्या शेजारची पोरगी तिला म्हणाली, दे ना मला, तू किती वेळ बघतेस. म्हणजे बोलायला लागल्यात.

बाई म्हणाल्या, सर, तुम्ही?
मी उभा राहिलो. म्हटलं, प्रतिमा वास्तव, उलटी आणि लहान.
बाई म्हणाल्या, सर, भिंग अजून पुढच्या बाकावर आहे.

वर्ग हसला. खळखळून. मी एवढे दिवस विनोद सांगत होतो, तेव्हा असं कधी हसले नव्हते.
मग भिंग हातात आलं. डोळ्याला अगदी चिकटवून धरलं. खिडकी नाही, झाड नाही. नुसतं धूसर. बाईंनी विचारलं, काय दिसतंय?
दोन-तीन उत्तरं तोंडाशी आली होती. पुस्तकातली होती.
म्हटलं, काहीच दिसत नाही.
बाई म्हणाल्या, बरोबर. आणि फळ्यावर लिहिलं.