शब्द कुणाच्या घरचा

आये, परवा शाळेतलं माझं जुनं कपाट आवरताना तुझ्या शब्दपट्ट्या सापडल्या. लग्नपत्रिका कापून, त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी स्केचपेनने लिहिलेल्या त्या पट्ट्या. ‘मीठ’वर अजून तुझ्या बोटाचा हळदीचा ठसा आहे, आणि ‘चूल’ एका कोपऱ्यात जळलेली आहे. ती तू खरोखरच चुलीजवळ ठेवायचीस, कारण तिचं घर तिथे, असं तुझं म्हणणं. मी हसलो. मग पट्ट्या बाकावर मांडायला बसलो आणि माझ्या लक्षात आलं, की मी त्या तुझ्याच पद्धतीने मांडतो आहे.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी जव्हारहून घरी आलो तेव्हा डी.एड.चं पहिलं वर्ष चालू होतं. मास्तर व्हायला वेळ होता, पण मास्तरकी अंगात पुरती भिनली होती. भात झोडून झालं होतं आणि पाड्यावर जगायला, म्हणजे मजुरीला बाहेरगावी, जायची बोलणी सुरू झाली होती. दर साली बा आणि तू वीटभट्टीवर जायचात, धाकटीची शाळा तेव्हाच तुटायची आणि पावसाच्या तोंडाशी ती परत यायची ती आधीचं सगळं विसरून. त्यातच अंगणवाडीची म्हातारी मदतनीस सोडून चालली. तिच्या जागी बाई हवी होती, आणि तिला जिनसांची यादी वाचता यायला हवी होती. मोखाड्याच्या ऑफिसात मॅडमपुढे वाचून दाखवायचं, एवढीच परीक्षा. तू मला म्हणालीस, “येवढं जमलं तं मना जगायला जायचा नको. पोरीची शाला चालंल. शिकव मना.” हातात दिवस होते पंधरा.

मी शिकवलं, पण कसं ते आता आठवलं की माझाच कान पिळावासा वाटतो. वर्गात आम्हाला सांगितलं होतं, की पट्ट्या पत्त्यांसारख्या पिसायच्या, म्हणजे विद्यार्थी पाठांतर करत नाही. माझ्याकडे सेकंदकाट्याचं घड्याळ होतं. ते मनगटावरून काढून मी मांडीवर ठेवायचो आणि एकेक पट्टी तुझ्यापुढे धरायचो. ‘साबण’. तू बघत राहायचीस. ‘विस्तव’. तू बघत राहायचीस. काटा फिरायचा, आणि मी मोठा सुस्कारा सोडायचो. पण मी पाणी प्यायला उठलो की तू पट्ट्या उचलायचीस आणि स्वतःशी पुटपुटत त्यांची बिऱ्हाडं लावायचीस. मिरचीशेजारी मीठ, मिठाशेजारी डाळ. चूल, लाकूड आणि मग विस्तव. परत येऊन पाहतो तर तू सगळं भराभर वाचत असायचीस. ‘चूल’ वाचलीस, “इस्तू” म्हणालीस आणि लगेच ‘विस्तव’ वाचलास.

“ही चोरी आहे, आये,” मी ओरडलो. “तू वाचत नाहीस, अंदाज करतेस.”

तू तव्यावरची भाकर उलटलीस. “धूर दिसला का इस्तू हाय कलतं. ती चोरी का रं? दारात पाव्हना आला तं पयलं काय इचारतो आपन? कुन्या पाड्यावरचा, कुनाचा? मंगच वलख पटते. तुजा मीठ येकटाच येऊन हुबा ऱ्हातो, तं मी त्याला कसा वलखू?”

मी काय उत्तर दिलं माहीत आहे? म्हणालो, पुस्तकात असं नसतं. आणि वर बजावलं, “मॅडमपुढे आपली बोली काढू नकोस. हसतील.” तू भाकर माझ्या ताटात टाकलीस, ती जरा जोरातच.

परीक्षेच्या दिवशी खोडाळ्याहून जीप मिळाली. तू लग्नातलं लुगडं नेसली होतीस आणि मी इस्त्रीचा शर्ट घालून, जणू नोकरी मलाच लागणार होती. ऑफिसात तू आत मॅडमसमोर बसलीस आणि मी दाराशी उभा राहिलो. यादीतला पहिलाच शब्द ‘वजनकाटा’. आपल्या पट्ट्यांत तो नव्हता, ही चूक मास्तरांची. तू कागदाकडे बघत राहिलीस. वीटभट्टी मला तिथे दारातच दिसायला लागली. मी सांगितलेलं तू इतक्या इमानाने पाळत होतीस, की ओठसुद्धा हलत नव्हते. मग तू मान वर केलीस आणि सरळ विचारलंस, “बाय, यो कुनाच्या घरचा?”

मॅडमना कळेना. “म्हणजे?”

“म्हंजी याच्या संगं काय काय आसतं?”

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. पण बाई भल्या होत्या. “बाळ असतं, झोळी असते, किलो असतात...” त्यांनी एवढं म्हणायचा अवकाश, तू ‘व’वर बोट ठेवलंस आणि “वजनकाटा!” असं ओरडलीस, की शेजारच्या टेबलावरचा कारकून दचकला. मॅडम हसल्या. “हे वाचन झालं की कोडं?” तू म्हणालीस, “कोडाच. पन सुटला ना?” मग तुला कोण थांबवणार! बोली काढायची नाही वगैरे सगळं वाऱ्यावर गेलं. ‘नाचणी’ आली तेव्हा “नागली” म्हणालीस आणि तिच्याच मागोमाग ‘नाचणी’ वाचलीस, आणि पुढची ‘सुकडी’, ‘गूळ’, ‘तेल’ तर अशी वाचलीस, की मॅडमचं बोट मागे पडलं. त्यांनी यादीवर खूण केली आणि म्हणाल्या, “जमेल तुम्हाला.”

त्यानंतर कारकुनाने काय विचारलं ते शेवटी सांगतो. परतीच्या वाटेवर तू बाजारातल्या पाट्या वाचत सुटलीस. पोती दिसली, म्हणजे ‘किराणा’. आतून औषधाचा वास आला, म्हणजे ‘मेडिकल’. सलूनची पाटी वाचायला तू खुर्चीवरच्या माणसाला इतकं निरखून बघितलंस, की तो अर्धी दाढी घेऊन वळला. जीपमध्ये तू मला भजी दिलीस आणि म्हणालीस, “मास्तर, पास झालाव तुमी.” त्या साली बा एकटाच गेला. धाकटीची शाळा पुन्हा कधी तुटली नाही.

तू गेल्यावर सहा वर्षांनी, मी जव्हारकडच्या शाळेत शिकवत असताना, विद्यापीठातली एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली. पडद्यावर एक शब्द दिसणार, तो जाऊन दुसरा येणार, आणि दुसरा ओळखला की बटण दाबायचं. तिने समजावून सांगितलं: एक शब्द वाचला की त्याचे नातेवाईक मनात जागे होतात, मग त्यांतला एखादा पुढे आला तर तो चटकन ओळखू येतो. एका भाषेतला शब्द दुसऱ्या भाषेतल्या नातेवाइकाला जागं करतो का आणि किती, ते तिला बघायचं होतं. पोरांच्या घरचे शब्द तिने पाड्यांवर फिरून जमवले होते. मी ऐकत होतो आणि मला तव्यावरच्या भाकरीचा वास येत होता. तुझी चोरी तिने अभ्यासाला घेतली होती, आये! मला मोठमोठ्याने हसावंसं वाटलं, पण मुख्याध्यापक शेजारी होते.

पोरांचं झाल्यावर तिने मलाही बसवलं. फॉर्मवर मातृभाषेपुढे मी सवयीने ‘मराठी’ लिहिलं. मग पडद्यावर ‘नागली’ आली आणि गेली, ‘नाचणी’ आली, आणि माझं बोट माझ्याआधी बटणावर. ‘इस्तू’, ‘विस्तव’. पुन्हा तेच. मुलगी म्हणाली, “सर, मराठी शब्दानंतर मराठी शब्द आला तर तुम्हाला इतकं भरभर येत नाही. फॉर्मवर काही चुकलंय का?” मी पेन मागून घेतलं आणि दुरुस्ती केली. बरं वाटलं, खरंच.

“फक्त एक मोजता येणार नाही,” ती म्हणाली. “तिथे तुम्ही बटण दाबलंच नाही.” पडद्यावर ‘आय’ आली होती, आणि मग ‘आई’. सगळ्या यादीतली सगळ्यांत सोपी जोडी, बालवाडीच्या पोरालाही जमली असती. मी म्हणालो, बटण अडकलं असेल.

बटण अडकलं नव्हतं. त्या दिवशी मोखाड्याला कारकुनाने साक्षीदाराच्या सहीसाठी कागद पुढे केला आणि मला विचारलं होतं, “या बाई कोण तुमच्या?” मी इस्त्रीच्या शर्टाची बाही सारखी केली आणि म्हणालो, “गावा...” तेवढ्यात तू मॅडमच्या टेबलावरून ओरडलीस, “माजा पोर हाय त्यो! जव्हारला मास्तरकी शिकतो. त्यानंच मना शिकवला.” कारकून हसून म्हणाला, “मग सांगायला एवढा वेळ?” मीही हसलो आणि सही केली.

हे पत्र मी पट्ट्यांबरोबर कपाटातच ठेवणार आहे, ‘चूल’ आणि ‘मीठ’ यांच्या मधे. मी म्हणणार होतो, “गावातल्या आहेत.” तू आधी बोललीस, म्हणून ते माझ्या तोंडातच राहिलं, आये.