आजार अल्पसा नव्हता

प्रति,
मा. व्यवस्थापक,
मुद्रणालय (छपाई व बांधणी विभाग)

विषय: छपाई विभागातील दिवंगत कामगाराची राहून गेलेली शोकसभा घेण्याबाबत.
संदर्भ: शेरा मारून परत आलेला पहिला अर्ज.

महोदय,

१. अर्जदार ही बांधणी विभागात छापील कागदांना घड्या घालण्याचे काम करते. तिचा मुलगा आपल्याच छपाई विभागात यंत्रचालक होता. गेल्या वर्षी त्याने आत्महत्या केली. हा शब्द अर्जदार प्रथमच लिहीत आहे, तरी खाडाखोडीबद्दल क्षमा असावी.

२. कामगार वारला की यंत्रे बंद ठेवून शोकसभा घेण्याची येथे प्रथा आहे. मुलाच्या वेळी यंत्रे चालूच राहिली. पहिल्या अर्जावर "अशा प्रकरणी प्रथा नाही" असा शेरा आला. वास्तविक जुने कटिंग यंत्र भंगारात निघाले तेव्हा त्यालाही रीतसर निरोप दिला गेला होता आणि भाषण करताना आपला कंठ दाटून आला होता.

३. हेडक्लार्क भले गृहस्थ. ते म्हणाले, "बाई, 'अल्पशा आजाराने' एवढं लिहा, उद्याच सभा लावून देतो." अर्जदाराच्या दिरांनीही नातेवाइकांत तेच सांगितले आहे. परंतु आजार अल्पसा नव्हता, तीन वर्षे घरात होता. डॉक्टर त्याला नैराश्य म्हणत, घरचे आळस म्हणत. पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून गोळ्या पिठाच्या डब्यामागे ठेवल्या जात. पुढे पुढे त्या मागायचीही मुलाला लाज वाटू लागली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती झाकता झाकता मुलगा हातचा गेला.

४. आता घरात त्याचे नाव निघत नाही. परवा धाकट्या मुलीने भांडी घासता घासता विचारले, "आई, उद्या मलाही दादासारखं वाटलं, तर तेही कुणाला सांगायचं नाही ना?" अर्जदार तिला घेऊन डॉक्टरांकडे गेली, उघडपणे, भर दुपारी. तेव्हापासून दीर बोलत नाहीत. न बोलोत. मुलीला तिच्या दादाचे नाव चारचौघांत घेतलेले ऐकू यावे, एवढ्यासाठी हा खटाटोप आहे. अर्जदार फार थकली आहे, पण तिसरा अर्जही लिहील.

५. नियमात बसत नसल्यास हार, भाषणे काही नको. अर्जदार मुलीला घेऊन जेवणाच्या सुट्टीत त्याच्या यंत्रापाशी उभी राहील. ज्यांना यायचे ते येतील. फक्त कामगार आळीपाळीने जेवत असल्याने सुट्टीतही चालू राहणारी यंत्रे तेवढा वेळ बंद ठेवावीत. त्याचे नाव मोठ्याने घ्यायची सवय राहिलेली नाही. आवाज निघेल, पण यंत्रांच्या वर जाईल असे वाटत नाही.

सोबत: शेऱ्यासह पहिला अर्ज.
दिनांक: आवक शिक्क्याप्रमाणे.

आपली नम्र,
त्याची आई
(बांधणी विभाग)