आतून लावलेलं कुलूप

प्रिय खारूताई,

दाराच्या फटीतून कागद सरकताना पाहून दचकू नकोस. अक्षर बघ, इतकं गिचमीड अक्षर आपल्या घरात फक्त किल्लीमामाचं. मी बाहेर चपलांच्या स्टँडला टेकून बसलोय. हाक मारणार होतो, पण तुझ्या कानांना सध्या उसंत नाही असं तुझी आई म्हणाली, त्यात माझा फाटका आवाज कशाला? कागद बरा. नकोसा झाला की उलटा ठेवता येतो.

घरची खबर अशी की तुझे बाबा मघापासून एकच कपबशी विसळतायत. माझ्या ताईने, म्हणजे तुझ्या आईने, रडायचं नाही असं ठरवलंय आणि त्यापायी ती सगळ्यांवर खेकसतेय. मला चहा दिला तोही ‘पी मुकाट्याने’ असं म्हणून. तुझा फोन पिठाच्या डब्यात सापडला. जागा नामी होती, पण तुझी आई चाळल्याशिवाय पिठाला हात लावत नाही हे कसं विसरलीस? बाकीचंही मला कळलंय. खिडकीला चिकटवलेली वर्तमानपत्रं, भिंतीकडे तोंड करून ठेवलेला आरसा, आणि वर्गात सर तुझ्याबद्दलच खुणेने बोलतात असं तू मैत्रिणीला सांगितलंस ते. मी यातल्या कशालाही हसत नाहीये. मी त्याच रस्त्याने जाऊन परत आलोय.

तू तेव्हा रांगत होतीस. मी नुकतं दुकान टाकलं होतं. आधी झोप उडाली. मग वाटायला लागलं, मी कापतोय त्या प्रत्येक किल्लीची जोड कुणीतरी स्वतःकडे ठेवून घेतंय. आणि मग आवाज आले. एक माणूस माझ्या बारीकसारीक हालचालीचं समालोचन करायचा, ‘आता कानस उचलली, आता चुकवणार बघा’. एक बाई नुसतीच हसायची. लोकांना वाटतं, हे आपले मनातले विचार असतील. कसले विचार! रस्त्यावर भंगारवाला ओरडावा इतके स्वच्छ ऐकू यायचे. त्या बाईला शोधायला मी माळ्यावरसुद्धा चढलो होतो. जोड केलेल्या किल्ल्यांच्या भीतीने मी घराचं कुलूप सारखं बदलायचो आणि नवी किल्ली कुणालाच द्यायचो नाही. तुझी आजी भाजीची पिशवी घेऊन आपल्याच दाराबाहेर ताटकळायची. शेजारचे म्हणायचे, बरंय, कुलपांना घरातच गिऱ्हाईक मिळालं. त्यांना गंमत वाटायची, आत माझी पाचावर धारण बसलेली असायची. अंघोळ सुटली, बोलणं सुटलं. तू गुडघ्यांवर रांगत माझ्यापाशी यायचीस आणि तुला उचलून घ्यावंसंही वाटायचं नाही. आवाजांपेक्षा मला ते जास्त लागलंय, अजूनही लागतं.

या आजाराला स्किझोफ्रेनिया म्हणतात. मराठी नाव छिन्नमनस्कता, ऐकल्यावर एखाद्या ऋषीने दिलेला शाप वाटतो. एका अंगात दोन माणसं असतात वगैरे जे लोक सांगतात ते साफ खोटं. मी एकच होतो, फक्त घाबरलेला. हा का होतो, असं मी आमच्या डॉक्टरीणबाईंना छळून छळून विचारलंय. त्या म्हणतात, एकच कारण दाखवता येत नाही. मेंदूतली काही रसायनं घोळ घालतात. काहींच्या घराण्यात त्याचा कल असतो, पण म्हणून तो प्रत्येकाला होतोच असं नाही. त्यात मोठा ताण, जागरणं, कधी गांजासारखी नशा यांची भर पडते. आईने लाड केले किंवा रागावली म्हणून कुणाला हा आजार होत नाही. हे वाक्य मी मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिलंय, कारण ताई सकाळपासून स्वतःला कोसतेय. तुला हाच आजार आहे असं मी म्हणत नाही. झोप न झाल्यानेही असं होऊ शकतं, आणखीही कारणं असतात. ते ओळखणं बाईंचं काम, किल्ल्या कापणाऱ्याचं नव्हे.

गोळ्यांबद्दलही खरं सांगतो, गोडगोड नाही. पहिल्या गोळीने मी लठ्ठ झालो आणि दिवसभर पेंगायला लागलो. हात थरथरायचा, किल्लीच्या खाचा वाकड्या पडायच्या, गिऱ्हाइकं परत येऊन शिव्या घालायची. मी बाईंशी भांडलो. त्यांनी ऐकून घेतलं, गोळी बदलली, मात्रा कमी केली, हात ताळ्यावर आला. मग बरं वाटतंय म्हणून मी शहाणपणा करून गोळ्या बंद केल्या, तर समालोचनवाला महिन्याभरात दुकानात हजर. तेव्हापासून नाश्त्याबरोबर गोळी घेतो. बाईंशी बोलणं, वेळेवर झोप, रोज दुकान उघडणं, हेही औषधच. तो माणूस अजून अधूनमधून येतो, पण आता त्याचा आवाज बारीक असतो. मी कानस चालवत राहतो, तो कंटाळून जातो.

तुझ्या आईने मला आज का बोलावलं, ते अजून सांगितलेलं नाही. हे कुलूप मीच बसवलंय. तू दहावीत गेलीस तेव्हा ‘मला माझी खोली हवी आणि तिला माझी किल्ली हवी’ म्हणून हटून बसली होतीस, आठवतं? घरात सगळ्यांनी नको म्हटलं आणि मी गुपचूप येऊन बसवून गेलो. त्यामुळे ते उघडायला मला चहा निवेपर्यंतचाही वेळ लागणार नाही हे ताईला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच तिने मला हत्यारांसकट बोलावलं. पण माझं दार फोडलं होतं, खारूताई. काकांनी, शेजाऱ्यांनी, पहारीने. माझ्या भल्यासाठीच, हे आता कळतं. तेव्हा मात्र मला वाटलं, आवाज सांगत होते तेच खरं ठरलं, हे सगळे मला न्यायलाच आले. ती चौकट अजून ठिगळ लावलेली आहे. म्हणून मी हत्यारांची पिशवी तुझ्या बाबांच्या हातात दिली आणि हा कागद मागितला. तुझ्याशी खोटं मात्र बोलणार नाही. तू काही खाल्लं-प्यायलं नाहीस, किंवा तुझ्या जिवाची भीती वाटली, तर मी कुलूप उघडीन. पण आधी तुला सांगून उघडीन, आणि आत मी एकटाच येईन. डॉक्टरीणबाई आज संध्याकाळपर्यंत आपली वाट बघतायत. सर खरंच तुझ्याबद्दल बोलतात की नाही, यावर मी तुझ्याशी वाद घालणार नाही. तू घाबरली आहेस आणि दमली आहेस, एवढं आपल्या दोघांनाही मान्य आहे ना? तेवढ्यावर निघू. रिक्षात मी तुझ्या शेजारी बसेन आणि तू बोललीस तरच बोलेन. बाहेर पडताना खोलीला कुलूप लाव आणि किल्ली तुझ्याच खिशात ठेव. तिची जोड मी केलेली नाही, कधी केलीही नव्हती. या कुलपाची जगात एकच किल्ली आहे आणि ती तुझ्याकडे आहे. मी इथेच बसलोय.

तुझाच,
किल्लीमामा