कोरडे बूट

वेस्टरबोर्क छावणी, हॉलंड, १९४२

प्रिय बेट्टीताई,

शाई नाही, सर्दी झालीय, अशी कारणं काढत तुला लिहायचं टाळत आलो. वसंतात मीच कळवलं होतं, काही विपरीत झालं तर लपायच्या भानगडीत पडू नकोस, सरळ इथे ये. डच लोकांनी आपल्यासारख्या ज्यू निर्वासितांसाठीच ही छावणी बांधलीय, चिखल आहे पण धोका नाही. ते विसर. उन्हाळ्यात छावणी जर्मनांनी ताब्यात घेतली. आता माणसं येतात, चार रात्री झोपतात आणि गाडीने पूर्वेला पाठवली जातात. मागून त्यांची खुशाली येत नाही.

लांबच्या स्टेशनावरून माणसं चिखल तुडवत पायी यायची, म्हणून मला रूळ टाकायला लावलं, थेट छावणीच्या आतपर्यंत. कुंपणाबाहेरचा मोकळा माळ बघून मी चक्क शीळ घातली! म्हातारे फायबुशकाका म्हणाले, "वरात यायचीय का रे तुझी?"

"अहो काका, येणाऱ्यांचे बूट तरी चिखलात रुतणार नाहीत."

"आणि जाणाऱ्यांचे?"

तेव्हापासून शीळ बंद आहे. ताई, लप. कुणाच्याही माळ्यावर, कोळशाच्या खोलीत, कुठेही—

आत्ता काका धापा टाकत आले. आमच्या रुळांवरून पहिली गाडी आलीय. एक बाई माझं पत्र दाखवून विचारतेय, "माझा लोथार कुठंय?" तिच्या बुटांना चिखल लागलेला नाही म्हणे.

तुझाच,
लोथार