बरणीतलं मायफळ

५ ऑगस्ट

पोत्याचं तोंड सोडलं आणि भपकारा नाकात गेला. मायफळाला बुरशी! पोतं भिंतीला टेकवलं होतं, खाली फळी टाकली नाही. ओल चढली. चूक माझीच.

फडक्यानं एकेक पुसलं. वरून चकाचक. पण भोकात फडकं कसं जाणार?

हैदराबादहून माल पाठवणारे जहांगीरभाई नेहमी म्हणतात, "व्यंकटसेठ, इसको फल नक्को बोलो. कीडे का घर है ये!" खरंय. तिकडे इराणात ओकची झाडं. चिलटाएवढी माशी कोवळ्या फांदीला टोचून अंडं घालते आणि झाड त्याच्याभोवती गाठ धरतं. अळी आतच खाते, पंख फुटले की भोक पाडून उडून जाते. ती गाठ म्हणजे मायफळ. बिनभोकाचं जड, महाग. भोकाचं हलकं. मी कानानं निवडतो – गल्ल्याच्या फळीवर टाकलं की जड 'टक्' म्हणतं, भोकाचं पोकळ वाजतं. या कानावर हे जडीबुटीचं दुकान उभं केलंय, नांदेडात आलो तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं.

आज एक फोडलं. आत पांढरं जाळं. दुसरं बिनभोकाचं फोडलं, तर माशी आतच मेलेली, पंख मिटलेले. तिच्यावरही पांढरी लव.

फेकायला पाहिजे होतं. फेकलं नाही. बरणीत भरलं. दातमंजनवालेच नेतात बहुतेक, पोटात कुठं जातंय – असं मनाला सांगितलं.

८ ऑगस्ट

आज भलतंच झालं.

लेक अयोध्या पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आहे. बाळाला सव्वा महिना झाला. बायको बाजारातनं येताना दुकानात शिरली, "घुटीचं मायफळ झिजलंय हो," म्हणाली आणि सरळ बरणीत हात!

समोर नायगावचे एक गुरुजी हिरडा बघत उभे. त्यांच्यादेखत हिला 'ते नको घेऊ' कसं म्हणू? गिऱ्हाईकासमोर आपल्याच मालाला? शब्द जिभेवर आला आणि मी म्हणालो काय – "चहा घेऊन जा."

संध्याकाळी बदलून देऊ म्हटलं. संध्याकाळी माहूरचे दुकानदार आले, गप्पा रंगल्या. विसरलो!

११ ऑगस्ट

बाळ दवाखान्यात. उलट्या, जुलाब, सलाईन. एवढासा हात आणि त्याला सुई. बघवत नाही.

डॉक्टर एवढंच म्हणाले, "घुटी बंद. त्यातलंच काहीतरी खराब गेलंय."

दुपारी लातूरहून विहीणबाई आल्या. आल्या त्या अयोध्येवरच – "आई ना तू? घुटी दिली कुणी? तुझं लक्ष कुठं होतं?" अयोध्या मान खाली घालून.

पंचफुलाबाई तिथंच होत्या. रोज येऊन बाळाला न्हाऊ घालतात, घुटी उगाळतात. गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्याच पायावर न्हालीत. त्या पुढं झाल्या. "तिला कायबी बोलू नका बाई. माझ्या हातून झालं. सहाण धुवायची राहिली."

गिऱ्हाईक खोटं बोलायला लागलं की मला आवाजावरनं कळतं. हा आवाज खोटा होता. सहाण न धुता ही बाई चंदनाचं खोडसुद्धा टेकवत नाही तिच्यावर!

मला सगळं माहीत. मी बाकावर बसून छताचा पंखा बघत राहिलो.

१३ ऑगस्ट

बाळ घरी. दूध पितंय. रेणुकामाते!

विहीणबाई परत गेल्या. जाताना म्हणाल्या, "ती बाई पुन्हा या घरात दिसू नये." मी मान डोलावली. डोलावली!

१७ ऑगस्ट

दुकानात दोन बायका ओवा निवडत कुजबुजत होत्या. माझे कान!

"पंचफुलाला बंद केलं मी."

"का ग?"

"तिची सहाण घाण हाय म्हणं. व्यंकटसेठचा नातू मरता मरता वाचला."

"अगं बाई! आमच्या सुनेलाबी सांगते."

ओवा बांधून दिला. वर चिमूटभर जास्तच टाकला. का टाकला? लाच कुणाला देतोय मी?

बरणी नाल्यात ओतली. पोतंही. आता ओतून काय!

१९ ऑगस्ट

पंचफुलाबाईंच्या घरी गेलो. सांगायचंच, असं ठरवून. उंबऱ्यात सहाण पालथी पडलेली. न्हाऊ घालायला एकही घर उरलं नाही; आता शेंगा फोडायला जातात.

"बाळ हसायलंय का ओ सेठ?" पहिला प्रश्न हा.

"हसतंय. पंचफुलाबाई, ते मायफळ–"

"ऱ्हाऊ द्या. झालं गेलं. तुमी कुटं कायबी बोलू नका, तुमच्या लेकीचा संसार हाय." आणि चहा टाकला.

लेकीचा संसार मध्ये कुठनं आला? कळलं नाही. विचारलंही नाही. गप्प राहायला सांगितलं याचंच मला बरं वाटलं. साखर कमी होती, तरी "छान झालाय" म्हणालो. निर्लज्ज!

२० ऑगस्ट

झोप नाही. पाच-सहा वेळा हिला हाक मारली, काही नाही म्हणून सोडून दिलं.

२१ ऑगस्ट

अयोध्येला सगळं सांगितलं. बुरशी, बरणी, गुरुजी, चहा. वाटलं, ओरडेल.

ती रडायला लागली. "बाबा, त्या दिवशी पंचफुलामावशी आल्याच नव्हत्या. घुटी मी उगाळली. तिकडे सासूबाई मला बोलायला लागल्या, तर मावशींनी माझा हात दाबला आणि स्वतःच पुढं झाल्या. मी गप्प बसले."

म्हणजे त्या दवाखान्यात आम्ही बाप-लेक दोघंही गप्प होतो.

मी लातूरला लावायला मोबाईल उचलला. अयोध्येनं तो माझ्या हातातनं काढून घेतला. "आधी मी बोलते," म्हणाली, आणि नंबर लावला.